तिघांचा फोटो

"आजी, तुम्ही मेसेज वाचला नाही का?"

फोटो काढायला आलेली ती मुलगी मला विचारत होती. मी गाडीतून उतरत होते. एक पाय खाली, एक वर, हातात चिवड्याचा डबा. म्हटलं, "कसला मेसेज?"

"कपड्यांचा. सगळ्यांनी पांढरं, क्रीम नाहीतर फिकट निळं घालायचं, असं ग्रुपवर पाठवलं होतं मी."

मी माझ्याकडे बघितलं. पोपटी साडी, जांभळे काठ. मग बाकीच्यांकडे बघितलं. माझा धाकटा भाऊ भास्कर पांढऱ्या झब्ब्यात, त्याची बायको प्रमिला फिकट निळ्या साडीत, आणि त्यांची एकुलती एक हर्षदा क्रीम रंगाच्या ड्रेसमध्ये. घरातून निघताना मला वाटलं होतं, आजकाल फिकटाचीच चाल असेल. आता उन्हात तिघं शेजारी उभे राहिले तर एका ताग्यातून कापल्यासारखे दिसत होते, आणि मी म्हणजे दहीभातात पडलेली मिरची.

"आई, आत्याला तू सांगणार होतीस ना?" हर्षदा म्हणाली.

"गडबडीत राहिलं गं," प्रमिला म्हणाली. तेव्हा ती गाडीच्या मागच्या सीटवर काहीतरी शोधत होती. मी मागे बसून आले होते, तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

गोष्टीला आता दहा-अकरा वर्षं होऊन गेली. हर्षदाचं लग्न ठरलं होतं. शिवाय भास्करने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला होता आणि लग्न झालं की आम्ही पंचवटीतल्या जुन्या दोन खोल्या सोडणार होतो. नव्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर मोठा फोटो लावायचा, असं हर्षदाच्या मनाने घेतलं. तोही स्टुडिओत जाऊन काढलेला नाही, बाहेर, मोकळ्यावर. म्हणून आम्ही गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या काठी आलो होतो. उन्हं उतरायला अजून अवकाश होता. गवत वाळलेलं, पाणी लांब सरकलेलं, आणि वारा असा की प्रमिलाचा पदर धरता धरता तिची पुरेवाट होत होती.

आता त्या फ्लॅटचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. फरशीचा रंग मला दाखवून झाला होता, पडद्याचं कापड मी बोटांत धरून पाहिलं होतं, बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची यावरही माझं मत विचारून झालं होतं. माझी खाट कुठे पडणार, हे मात्र कोणी बोलत नव्हतं. मीही विचारत नव्हते. सिन्नरला दिलेली मी, दुसऱ्याच वर्षी परत आले. नवऱ्याचा संसार दुसरीकडे आधीच मांडलेला होता. तेव्हापासून भावाच्याच घरात. सराफ बाजारातून काळे मणी आणि सोन्याच्या वाट्या आणायच्या आणि मंगळसूत्रं ओवून द्यायची, हे माझं काम. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, तसलं. पण कुणाकडे काही मागायची सवय मला लागली नाही ती नाहीच, आणि खाटेची जागा मागायची तर जीभ टाळ्याला चिकटायची.

मग मनाशी एक हिशेब बांधला. फोटो हॉलमध्ये लागणार. फोटोत मी असले तर घरातही असणार, नसले तर नाही. वेड्यासारखा हिशेब होता, पण दुसरा कुठला हाताशी नव्हता. प्रमिला जेव्हा म्हणाली, "अक्का, तुम्हीही चला," तेव्हा मी ट्रंकेतून पोपटी साडी काढली आणि इस्त्रीला दिली.

फोटोवालीचं नाव गार्गी. डोक्याला टोपी, पायात बूट, गळ्यात दोन कॅमेरे. वय माझ्या निम्म्याहूनही कमी, पण बोलायची अशी की जन्मभर कचेरीत दुसऱ्यांना ताटकळत ठेवलेला भास्कर तिच्यापुढे हात बांधून उभा होता. आल्या आल्या तिने सगळ्यांना गोळा केलं आणि आता काय काय होणार ते सांगून टाकलं. सुरुवातीचा बराचसा वेळ फुकट जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, म्हणाली. माणसं आधी खांबासारखी उभी राहतात. मग कंटाळतात. मग एकमेकांवर करवादतात, आणि तोंडावर बसवलेलं हसू निघून पडतं. खरे फोटो तेव्हा मिळतात. ऊन कलायला लागलं की उजेड छान पडतो, पण तो थोडाच वेळ असतो, तेव्हा बोलावलं की भराभर यायचं. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. केस सारखे सारखे नीट करायचे नाहीत.

"मग करायचं काय?" भास्करने विचारलं.

"काही नाही काका. घरी नेहमी असता तसे असा."

आता घरी आम्ही नेहमी कसे असतो? भास्कर पेपरात, प्रमिला ओट्याशी, हर्षदा मोबाइलमध्ये, मी खिडकीत मणी ओवत. तसा फोटो काढला असता तर चौघांच्या चार पाठी आल्या असत्या. मी हे बोलून दाखवलं नाही. डबा घेऊन एका दगडावर बसले आणि बोलावणं येण्याची वाट बघू लागले.

पहिल्यांदा नवराबायकोला पाठवलं. हातात हात धरून पाण्याच्या कडेने सहज चालत या, एवढंच काम. बाई गं, काय ती चाल! तीस वर्षांच्या संसारात भास्करने चारचौघांत बायकोचा हात धरला असेल तर तो सप्तपदीला, तोही भटजींनी सांगितला म्हणून. त्याने प्रमिलाचं मनगट पकडलं होतं ते पोरगी गर्दीत हरवू नये म्हणून धरतात तसं. आणि चालला तो थेट, मान खाली घालून, पाणीपट्टी भरायची खिडकी बंद व्हायच्या आत पोचायचं असल्यासारखा. प्रमिला मागून, "अहो, हळू, अहो, माझा गुडघा." गार्गीने चारदा परत चालायला लावलं. हर्षदा पोट धरून हसत होती. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

मग आईलेकीचे झाले. मग बापलेकीचे. गवतात बसून, उभं राहून, एकदा तर भास्करला झाडाला टेकवून. मी तीनदा पदर सावरून बसले, तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणाला बोलावलं. मध्ये गार्गी कॅमेऱ्याची काच पुसायला माझ्या जवळ आली आणि तिने प्रमिलाला विचारलं, सगळ्यांचा मिळून घ्यायचा तो मोठा फोटो कितीजणांचा?

"चौघांचा," प्रमिला म्हणाली. "आमचे जावई यायचेत अजून. अंबडहून निघतायत."

"आणि आजी?"

"त्या बसतील इथेच. त्यांचे पाय दुखतात."

माझे पाय आजवर कधी दुखलेले नाहीत. पाय प्रमिलाचे दुखतात, तेल मी लावून देते. मी दगडावर बसल्या बसल्या मनात मोजलं. भास्कर, प्रमिला, हर्षदा आणि पराग. पराग म्हणजे हर्षदाचा ठरलेला नवरा, साखरपुड्याच्या आधी ज्याला आम्ही ओळखतही नव्हतो. चार झाले. हिशेब पुरा झाला. मला काय वाटलं ते सरळ सांगते. जेवायला बसावं आणि वाढता वाढता आपल्या ताटाशी येऊन भांडं संपावं, तसं झालं. पण उठून जायला तिथे कुठे जागा होती? समोर धरण, मागे माळ. चिवड्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावत बसले.

थोड्या वेळाने हर्षदाचा फोन वाजला. परागचा होता. कंपनीत कोणी मोठे साहेब आले होते, त्याला सोडत नव्हते. तो येणार नव्हता. हर्षदाचं तोंड एवढंसं झालं. प्रमिलाने फोन घेऊन दोनदा विचारलं, मग परत देऊन टाकला आणि गार्गीला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. गार्गीने आभाळाकडे बघितलं. उन्हाचा रंग बदलला होता. पाण्यावर, गवतावर, माणसांच्या तोंडावर असा काही उजेड पडला होता की प्रमिलाचा थकलेला चेहरासुद्धा नव्या नवरीसारखा दिसत होता.

"मग तिघांचा घेऊन टाकू," गार्गी म्हणाली. "चला पटकन. काकू या बाजूला, काका त्या बाजूला, हर्षदा मधे."

भास्कर जागचा हलला नाही. "तिघांचा नको," म्हणाला.

"का?"

"नको म्हणजे नको. तिघांचा काढत नाहीत."

आमच्याकडे हे सगळ्यांनाच माहीत असतं. तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांचा फोटो काढला तर मधला जातो. लोक हे म्हणतात आणि हसून काढतातही. आमच्या घरात मात्र कोणी हसत नाही, त्याला कारण आहे. लहानपणी चांदवडच्या जत्रेत वडिलांनी आमचा फोटो काढून घेतला होता. तंबूत लावलेला पडदा, पडद्यावर विमान काढलेलं, पुढे आम्ही तीन भावंडं. मी एका टोकाला, भास्कर दुसऱ्या टोकाला आणि मधे शकू. त्याच हिवाळ्यात शकू तापाने गेली. फोटो पोस्टाने घरी आला तेव्हा तिचा दहावा होऊन गेला होता. आईने एकदा बघितला आणि भिंतीला कपाळ आपटून घेतलं. तिघांचा काढला, तिघांचा काढला, एवढंच म्हणत राहिली. मला तेव्हा कळत होतं. भास्कर अगदी पोर होता, त्याच्या अंगात ते ताप भरावा तसं भरून राहिलं. शिकला, नोकरीला लागला, पण ही भीती त्याच्या मनातून कोणी काढू शकलं नाही.

म्हणून आमच्या घरात हर्षदाच्या बारशापासून प्रत्येक फोटोत मी आहे. महाबळेश्वरला आहे, सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर आहे, हर्षदाच्या पदवीच्या वेळी कॉलेजच्या फाटकाशी आहे. फोटो काढायची वेळ आली की भास्कर हाक मारायचा, "अक्का, ये." मी ओले हात पुसत जायची. आणि मला बापडीला वाटायचं, किती माया आहे पोराची, माझ्यावाचून त्याचा फोटो होत नाही. फोटो होत नव्हता हे खरंच होतं. का होत नव्हता, ते त्या दिवशी धरणावर दगडावर बसून कळलं. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात ती मी.

आता तिघांनी माझ्याकडे बघितलं. प्रमिला पुढे आली. आवाज अगदी मऊ.

"अक्का, या ना. तेवढे चौघं होऊ."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, माझे पाय दुखतात. प्रमिलाचे कान लाल झाले. ते बघून मला बरं वाटलं, हेही कबूल करते. तरी मी उठणारच होते. उठायची सवय अंगात मुरलेली, हाक आली की पाय आपोआप निघतात. पदर नीट केला, डबा बाजूला ठेवला.

तेवढ्यात गार्गीने वाट लावली. तिचा काही दोष नाही. ती तिच्या कामाचं बोलत होती.

"आजी, तुम्ही हर्षदाच्या पलीकडे, अगदी कडेला उभ्या राहा. थोडं अंतर ठेवा, अंगाला अंग लावू नका. म्हणजे नंतर तुम्हाला काढून टाकायला सोपं जाईल. काकू, मग तुम्ही म्हणत होता तसं जावयांचा वेगळा फोटो घेऊन त्या जागी बसवता येईल."

हर्षदाने आईकडे बघितलं, आईने पाण्याकडे. गार्गीला कळलं की आपलं काहीतरी चुकलं, पण काय ते कळेना. ती कॅमेऱ्यातली बटणं दाबत बसली.

मी पुन्हा दगडावर बसले.

"मी येत नाही," म्हटलं.

भास्करला मी कशालाही नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसणार, कारण तो मला ऐकू आलं नसावं अशा आवाजात परत म्हणाला, "अक्का, ये गं. ऊन जाईल."

"जाऊ दे. मला एक सांग भास्कर, मग येते. फोटोत मला कडेला उभं करताय. नव्या घरात कुठल्या कडेला ठेवणार आहात?"

झालं. जे इतके दिवस घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं, आणि तेही परक्या पोरीसमोर. भास्करने तोंडात मिठाची गुळणी धरली. तो बायकोकडे बघत राहिला. आता प्रमिलाला दोष द्यायचा तर सोपा आहे, पण बोलली तीच, आणि स्पष्ट बोलली, याचं श्रेय तिला द्यायला हवं.

पंचवटीतलं घर सोडायचं होतं, पण मागची खोली सोडायची नव्हती. घरमालकांशी बोलणं झालेलं होतं. ती खोली माझ्यासाठी. नळ दारात आहे, सराफ बाजार जवळ पडेल, शेजारपाजार ओळखीचा. नव्या घरातली एक खोली त्या दोघांची, दुसरी हर्षदा-पराग येतील जातील त्यांच्यासाठी. सगळं ठरलेलं होतं. मला सांगायचं तेवढं राहिलं होतं. कपड्यांच्या रंगासारखं.

"लग्न झाल्यावर सांगणार होतो," प्रमिला म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "अक्का, तुम्ही वाईट आहात असं मी कधी म्हटलं का? जन्मभर दोन खोल्यांत काढलं मी. नवऱ्याशी बोलायचं तर तुम्ही झोपायची वाट बघायची. भांडायचं तर जिन्यात जाऊन भांडायचं. मला एकदा माझं घर पाहिजे. दार लावून घेता येईल असं. मग मी कितीही वाईट ठरले तरी चालेल."

हे खोटं नव्हतं. जिन्यातली ती भांडणं मी अंथरुणात पडून ऐकलेली आहेत, कानावर गोधडी घेऊन. तिच्या जागी मी असते तर मीही हेच मागितलं असतं, कदाचित जास्त लवकर. पण तिचं म्हणणं खरं असल्याने माझं दुखणं कमी झालं का? नाही झालं. मला त्या घरात जायचं होतं. भास्करच्या घरात, माझ्या माणसांत. हर्षदाची पहिली वेणी मी घातली होती. म्हातारपणी मला खिडकीत बसून त्यांचे आवाज ऐकायचे होते, बस्स. आणि मी भास्करकडे बघत होते. प्रमिलाकडून मला काहीच नको होतं. एक वाक्य हवं होतं, ते त्याच्याकडून हवं होतं. अक्का आपल्याबरोबर राहायला येणार. चार शब्द. नंतर मी स्वतःच म्हटलं असतं, नको रे, मी मागच्या खोलीत बरी आहे. देवाशपथ म्हटलं असतं.

भास्करच्या मानेची शीर उडत होती. लहानपणी मार खायच्या आधी उडायची तशी. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा प्रमिलाकडे. मग तो वळला आणि गार्गीला म्हणाला, "काढा तिघांचा."

"बाबा?" हर्षदा म्हणाली.

"काढा म्हटलं ना. उजेड जातोय."

गार्गीने पुन्हा सांगितलं, काकू इकडे, काका तिकडे, हर्षदा मधे. भास्करने हर्षदाचा दंड धरला, तिला बाजूला केलं आणि तिच्या जागी स्वतः उभा राहिला. मधे. डावीकडे बायको, उजवीकडे मुलगी.

मी उभी राहिले. कधी उभी राहिले मला कळलं नाही. गार्गीला त्यात काही विशेष वाटलं नसेल, बाप मधे उभा राहिला, छानच की. आम्हाला मात्र चौघांनाही कळलं होतं. प्रमिला एरवी या सगळ्याला खुळचटपणा म्हणायची. चांदवडच्या फोटोची गोष्ट निघाली की कपाळावर आठी घालायची. तीच आता पांढरीफटक पडली होती. "अहो, सरका इकडे," म्हणत त्याचा झब्बा ओढत होती. तो हलेना. हर्षदाला रडू फुटलं होतं. आणि प्रमिला मला हाका मारायला लागली.

"अक्का, या हो. या ना अक्का. चुकलं माझं, कुठेही उभ्या राहा, पण या."

जायला पाहिजे होतं का? मला आजही कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. जीव तीळतीळ तुटत होता. शकू डोळ्यांसमोर होती, विमानाच्या पडद्यापुढे, तोंड वासून. मी दोन पावलं पुढे गेले. तिथे थांबले. भास्कर माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. अजून वेळ होता. अजूनही ते चार शब्द तो बोलू शकला असता. मी मान हलवून त्याला जवळजवळ सांगितलंच, बोल. त्याने ओठ उघडले. मग मिटून घेतले, आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

गार्गीने फोटो काढला. एक नाही, लागोपाठ बरेच काढले.

पुढचं आधी सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याचा जीव तिथेच टांगणीला लागतो. भास्करला काही झालं नाही. पंचाहत्तरीला आलाय, दाढांनी ऊस सोलून खातो. प्रमिलाचा गुडघा बदलून झाला. हर्षदा पुण्यात असते, तिला जुळी मुलं आहेत. हॉलमध्ये सोफ्याच्या वर तो फोटो आहे, आणि त्यात आता तिघं नाहीत. लग्नानंतर प्रमिलाने पराग त्यात बसवून घेतला, मुलीच्या पलीकडे. छान बसवलाय, फक्त या तिघांच्या तोंडावर ऊन डावीकडून आहे आणि जावयाच्या तोंडावर उजवीकडून. मी मागच्या खोलीत राहते. भाडं भास्करने दिलं असतं, मी देऊ दिलं नाही. तो दर रविवारी येतो, माझ्या हातचं पिठलं खातो आणि संध्याकाळ झाली तरी उठत नाही. फोटोचा विषय आम्ही दोघं काढत नाही. तो एकदाच निघाला, त्याच संध्याकाळी, धरणावर.

गार्गी सामान आवरत होती. प्रमिला आणि हर्षदा गाडीकडे गेल्या होत्या. हर्षदा आईशी बोलत नव्हती, पुढे पुढे चालली होती. भास्कर माझ्याजवळ आला. दगडाशी पडलेली प्रमिलाची पिशवी घ्यायला वाकला, पण घेतली नाही, तसाच माझ्या शेजारी बसला. त्याच्या पांढऱ्या झब्ब्याला गवताची कुसळं लागली होती. मी ती एक एक करून काढायला लागले. राग होता, पण हात ऐकत नाहीत.

"भास्करा," मी म्हटलं, "मरायला तयार झालास रे. आणि अक्का घरी चल, एवढं तोंडातून निघालं नाही?"

गाडीत प्रमिलाने दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मरणं माझ्या एकट्याच्या हातात होतं, अक्का," तो म्हणाला. "घर नाही."

हे मात्र तो खरं बोलला. मी त्याच्या पाठीवरचं राहिलेलं एक कुसळ काढलं, आणि आम्ही दोघं गाडीकडे चालू लागलो.